सेवेचा कौल कोणाच्या नावे?
जालना-परभणी प्रांतातील ख्रिस्ती सेवेच्या इतिहासातील एक प्रश्न

१

परभणी जिल्ह्याच्या इतिहासाची साधने धुंडाळणारा संशोधक सामान्यतः चार प्रकारच्या कागदांकडे वळतो. महानुभावांच्या पोथ्या, वारकरी घराण्यांतील बाडे, देशमुख-देशपांड्यांची दप्तरे आणि निजामशाहीतील फारसी सनदा, हे ते चार प्रकार होत. ह्या प्रांतात ख्रिस्ती समाजाचेही काही कागद असतील आणि तेही जुन्या रुमालाइतक्याच आस्थेने पाहिले पाहिजेत, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. ह्याची कारणे उघड आहेत. एक तर हा समाज येथे अत्यल्प. जालना अथवा अहमदनगर ह्यांसारखे मोठे मिशनठाणे परभणीस झाले नाही. दुसरे असे की, मिशनांचे मुख्य दप्तर ह्या देशात राहिलेच नाही. स्कॉटिश मिशनचा पत्रव्यवहार एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, अमेरिकन मिशनचा हार्वर्ड विद्यापीठात आहे आणि औरंगाबादेस काम करणाऱ्या चर्च मिशनरी सोसायटीचा बर्मिंगहॅम येथे आहे. जे दप्तर इतके दूर गेले, त्याच्या आधारे लिहिलेला इतिहासही दुरूनच पाहिलेला असावा, हे स्वाभाविक होय.

परंतु आमच्या मते ह्याहून महत्त्वाचे असे एक कारण आहे, आणि त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मिशनचे दप्तर हे संस्थेचे दप्तर असते. त्यात शाळा किती, मंडळीचे सभासद किती, वर्गणी किती, खर्च किती, ह्यांची नोंद असते. सेवा मात्र आकड्यांनी केलेली नसते. कोणी एक मनुष्य आपले घर, जात, वतन आणि पुष्कळदा आपली प्रकृतीही पणास लावून ती करतो. तेव्हा ख्रिस्ती सेवेचे दायित्व मूलतः कोणाचे, एकेका मनुष्याचे की मंडळीने सामुदायिकपणे आखलेल्या कार्याचे, हा जो धर्मशास्त्रातील प्रश्न आहे, तोच इतिहाससंशोधकापुढे निराळ्या रूपाने उभा राहतो. अमुक सेवा कोणाच्या खाती मांडावी?

हा प्रश्न ख्रिस्ती शास्त्रात नवीन नाही. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांचे भार वाहण्याची आज्ञा आहे आणि लगेच दोनचार वाक्यांच्या अंतराने प्रत्येकाने आपापले ओझे वाहावयाचे आहे असेही सांगितले आहे. टीकाकारांनी ह्या दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न नाना प्रकारे केला आहे. आम्हांस त्या वादात पडावयाचे नाही. परभणीच्या सीमेस लागून असलेल्या जालना प्रांतात व पुढे अहमदनगर, केडगाव, सातारा येथे ह्या दोन आज्ञा प्रत्यक्षात कशा पाळल्या गेल्या, एवढेच पाहावयाचे आहे. जालना हे परभणीस परके नव्हे. परतूर तालुका १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. जालना व हिंगोली ही दोन्ही हैदराबाद काँटिंजंटची ठाणी होती, आणि ती फौज १९०३ साली हिंदी सैन्यात विलीन होईपर्यंत ह्या मुलखातील दळणवळण ह्याच ठाण्यांच्या अनुरोधाने चाले.

२

प्रथम स्कॉटलंडातील पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण जालन्यास जे मिशन आले, त्याच्या जन्मातच हा वाद होता.

परदेशी धर्मप्रसार करावा असा ठराव १७९६ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चच्या जनरल असेंब्लीपुढे आला असता तो त्या सभेने फेटाळला. ज्यांस हे कार्य आपले वाटले, अशा गृहस्थांनी मात्र त्याच वर्षी आपापल्या वर्गणीने स्वतंत्र मिशनरी सोसायटी काढली. चार वर्षांपूर्वी, म्हणजे १७९२ साली, इंग्लंडात विल्यम कॅरीने जे पुस्तक लिहिले त्यातील मुद्दा हाच होता की, हे कर्तव्य प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यावर आहे आणि ते पार पाडण्यास साधन म्हणून मंडळ स्थापावे. कर्तव्य आधी, मंडळ मागाहून, असा हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८२३ साली कोकणात जे स्कॉटिश मिशनरी उतरले, ते ह्या खासगी सोसायटीचे होते, चर्चचे नव्हते. १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सनही प्रथम ह्याच सोसायटीचे होते. चर्चने स्वतःच्या नावे पहिला मिशनरी, अलेक्झांडर डफ, त्याच १८२९ साली नेमला. आणि मुंबई इलाख्यातील सोसायटीचे काम १८३५ साली चर्चकडे गेले. सारांश, राष्ट्रीय सभेस जे करावेसे वाटले नाही ते काही व्यक्तींनी आरंभिले, आणि एक पिढी लोटल्यावर सभेने ते आपल्या अंगावर घेतले.

परंतु गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. मंडळीचा पाळक नेमण्याचा अधिकार मंडळीचा की जमीनदार आश्रयदात्याचा, ह्या वादावरून चारशेहून अधिक पाळक आपली वतने व घरे सोडून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्च स्थापिले. हिंदुस्थानातील मिशनऱ्यांस आता निवड करणे भाग पडले. जुन्या चर्चमध्ये राहावे तर इमारती, ग्रंथसंग्रह व निश्चित वेतन. नव्यात जावे तर ह्यांपैकी कशाचीच शाश्वती नाही. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील सर्वांनी फ्री चर्चची बाजू घेतली आणि इमारतींवरील हक्क सोडला. संस्थेने काय ठरविले ह्यापेक्षा आपली सदसद्विवेकबुद्धी काय सांगते हे ज्यांनी श्रेष्ठ मानले, असे हे लोक होते. ह्याच लोकांच्या शाळेत ह्याच वर्षी एक दाक्षिणात्य ब्राह्मण विद्यार्थी शिकत होता. त्याचे नाव नारायण शेषाद्री.

३

नारायण शेषाद्री ह्यांनी १८४३ च्या सप्टेंबरात मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा सुमारे बारा वर्षांचा होता. तोही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद केली व कोर्टाने मुलगा अज्ञान ठरवून बापाच्या स्वाधीन केला. येथपर्यंतची हकीकत सुपरिचित आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने हिच्यातील तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली अशी की, कोर्टापुढे प्रश्न आला तो धर्माच्या खरेखोटेपणाचा नव्हता. स्वतःची जबाबदारी घेण्याइतके ह्या मुलाचे वय आहे की नाही, हा होता. नारायणाचे होते, म्हणून त्यास कोणी अडवू शकले नाही. श्रीपताचे नव्हते, म्हणून त्याची इच्छा विचारात आली नाही. अर्थात इंग्रजी कायद्याने धर्मांतर ही व्यक्तीची बाब मानली आणि तिच्यासाठी वयाची अट घातली.

दुसरी गोष्ट अशी की, श्रीपत घरी परत आला तरी जातीत परत आला नाही. त्याने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतले होते. त्यास प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे, हा पक्ष बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी घेतला. ‘दर्पण’कार, एल्फिन्स्टन विद्यालयातील अध्यापक, विद्वान ब्राह्मण, असा त्यांचा लौकिक असताही त्यांच्याविरुद्ध मोठा पक्ष उभा राहिला व त्यांस अतोनात त्रास सोसावा लागला. १८४६ साली ते निवर्तले. येथे जातिसभा ही सामुदायिक सत्ता होती आणि बाळशास्त्री हे एकटे होते. सभेचा निर्णय होईपर्यंत आपण उगे राहावे, असे त्यांनी मानले नाही. एका पोराचे आयुष्य डोळ्यांसमोर नासत असता सभेकडे बोट दाखविणे त्यांस रुचले नाही, असेच म्हणावे लागते.

तिसरी गोष्ट ही ह्या दोहोंवरून निष्पन्न होते. हा वाद केवळ ख्रिस्ती समाजापुरता नाही. शेषाद्रींच्या एकाच घरात एक भाऊ एका मंडळीत गेला व दुसरा दुसऱ्या समाजात परत येऊ पाहत होता. दोघांच्याही मागे समाज होता. परंतु दोघांच्याही प्रसंगी प्रत्यक्ष भार उचलला तो एकेका मनुष्याने. आमच्या वारकरी संप्रदायातही हीच व्यवस्था आहे. दिंडी ही समुदायाची असते, पण गळ्यात माळ घालावयाची ती ज्याची त्याने, आणि एकदा घातल्यावर वारी चुकली तर दिंडीस दोष लागत नाही, ज्याची माळ त्यास लागतो. गंगाखेडच्या जनाबाईची स्मृती बाळगणाऱ्या ह्या परभणी प्रांतास हे निराळे सांगावयास नको.

४

१८५४ साली नारायण शेषाद्री ह्यांस फ्री चर्चची पाळकदीक्षा मिळाली आणि १८६२-६३ च्या सुमारास ते मुंबई सोडून जालन्याच्या मुलखात आले. निजामाच्या राज्यात एका धर्मांतरित ब्राह्मणाने येऊन मांग-महारांच्या वस्तीत काम करावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ह्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला की गावकीतील त्यांचे स्थान डळमळे. बलुत्याचा हक्क कामाशी जोडलेला आणि काम गावदेवतेच्या विधींशी जोडलेले. ते विधी सोडले की पोटाचा प्रश्न उभा राहतो. उपदेश करणारास ह्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग असते. ते ज्यास देता येत नाही, त्याचा उपदेश दुसऱ्याच्या जिवावरचा ठरतो.

नारायण शेषाद्रींनी दिलेले उत्तर म्हणजे जालन्यानजीकचे बेथेल हे गाव. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग (दिवाणगिरी १८५३-१८८३) ह्यांच्याकडे खटपट करून त्यांनी जमीन मिळविली व तेथे ह्या नवख्रिस्ती कुटुंबांस वसविले. बेथेल ह्याचा अर्थ देवाचे घर. याकोबाने उशास दगड घेऊन जेथे रात्र काढली, त्या स्थळाचे हे नाव आहे.

वाचकांपैकी ज्यांनी मराठी व फारसी दप्तरे चाळली आहेत, त्यांस ह्या व्यवहाराचा घाट ओळखीचा वाटेल. ओसाड जमीन लावणीस आणावयाची, तर सरकार कोणा एका कर्त्या मनुष्यास कौल देई. आरंभीची काही साले सारा माफ किंवा हलका, पुढे इस्ताव्याने सालोसाल चढता व शेवटी पुरा, असा हा कौल असे. वस्ती पन्नास कुळांची असो वा शंभरांची, कौलात नाव एकाचे. कुळे परागंदा झाली, पाऊस पडला नाही, गुरे मेली, तरी सरकारास उत्तर द्यावयाचे ते ह्या एकाने. गाव समुदायाचे खरे, पण ते वसण्याची हमी एका मनुष्याची. आमच्या जुन्या राज्यव्यवस्थेने व्यक्ती व समुदाय ह्यांचे नाते असे लावले होते आणि बेथेलच्या बाबतीत नारायण शेषाद्रींची स्थिती गाव वसविणाऱ्या कर्त्याचीच होती. दिवाणाने जमीन दिली ती एडिंबरोच्या कमिटीची ओळख असल्यामुळे नव्हे. समोर बसलेल्या ह्या मनुष्यावर विश्वास ठेवून दिली, हे ह्या प्रकरणाचे मर्म होय.

तथापि येथे दुसरी बाजूही मांडणे न्यायाचे आहे. नारायण शेषाद्री हे स्वतंत्र संन्यासी नव्हते. फ्री चर्चचे ते दीक्षित पाळक होते व त्यांच्या कार्यास आधार त्या चर्चचा होता. बेथेलसारख्या वस्तीस विहिरी, शाळा, प्रार्थनामंदिर ही सर्व हवीत आणि तेवढा पैसा जालन्यात उभा राहणे शक्य नव्हते. म्हणूनच त्यांनी परदेशाचा प्रवास केला. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटे घातलेला हा ब्राह्मण पाळक बोलावयास उभा राहिला, तेव्हा त्याच्याकडे सर्वांचे लक्ष लागले. एका मनुष्याने घेतलेला भार वाहण्यास सातासमुद्रांपलीकडची मंडळी पुढे आली. एकमेकांचे भार वाहणे ते हेच.

१८९१ साली नारायण शेषाद्री निवर्तले. त्यानंतर कागदांचे स्वरूप बदलते. १९०० साली फ्री चर्चचे युनायटेड फ्री चर्च झाले, १९२४ साली उत्तर हिंदुस्थानातील प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र होऊन संयुक्त मंडळी स्थापन झाली, १९२९ साली स्कॉटलंडातील दुभंगलेली चर्चे बहुतांशी पुन्हा जोडली गेली आणि १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. ऐंशी वर्षांत संस्थेची नावे इतक्या वेळा पालटली. प्रत्येक वेळी मिळकतीचे हस्तांतर, नवे शिक्के, नव्या समित्या. हे सर्व अवश्यच होते. परंतु ह्या कागदांतून एखाद्या खेड्यातील शाळामास्तर अथवा घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखविणारी बायबलबाई शोधू जावे तर हाती काय लागते? बहुधा एका रकान्यातील एक आकडा.

५

जालन्याच्या पश्चिमेस, अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये, हाच प्रश्न पैशाच्या रूपाने पुढे आला. १८५४-५५ साली अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे पाहणीसाठी ह्या देशी आले. देशी मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा आणि आपला प्रसार आपण करावा, हे त्यांचे सूत्र. ह्याच सुमारास, १८५४ साली, हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक ह्या दोघांस अहमदनगरास पाळकदीक्षा मिळाली. सूत्र उत्तम होते. पण खेड्यातील मंडळी गरीब, दुष्काळ वरचेवर आणि मिशनचा पगार नियमित; त्यामुळे सूत्र कागदावर राहून व्यवहारात पगारी सेवा वाढत गेली. शिक्षक मिशनचा, उपदेशक मिशनचा, पाळकाच्या वेतनासही मिशनचीच मदत. ह्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. परिणाम मात्र असा झाला की, सेवा हे नेमलेल्या माणसाचे काम आणि इतरांचे काम रविवारी उपस्थित राहून यथाशक्ति वर्गणी टाकणे, अशी समजूत रूढ होऊ लागली.

ह्या समजुतीस ज्यांनी आपल्या आचरणाने हादरा दिला, त्यांत दोघांची नावे प्रमुख आहेत. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन काढले, ते अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या द्रव्यबळावर. आणि येथे सल्ला देण्यास न्या. रानडे, डॉ. भांडारकर ह्यांसारख्या गृहस्थांचे मंडळ होते. सदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात ह्यावरून १८९३ साली त्या मंडळाने राजीनामे दिले. मंडळाची भूमिका समजण्यासारखी होती. संस्था धर्मनिरपेक्ष राहील ह्या भरवशावर त्यांनी आपली नावे दिली होती. बाईंचे म्हणणे असे की, मी माझ्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करते, कोणास बोलावीत नाही व कोणास घालवूनही देत नाही. दोन्ही पक्ष आपापल्या जागी प्रामाणिक होते. परंतु पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांत व गुजराथ येथे स्वतः जाऊन बाईंनी ज्या शेकडो निराधार मुली केडगावास आणल्या, त्या कोणत्याही मंडळाच्या ठरावाची वाट पाहून आणल्या नव्हत्या. इतक्या जणींस अन्न कोठून येईल ह्याचा आगाऊ हिशेब कोणत्याही समितीस मान्य झाला नसता.

दुसरे रे. नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे दोन तपे ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. शिक्षक, पाळक, ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक, अशी त्यांची कामे. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, साताऱ्यास राहिले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ह्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक येऊ शकत. अट एवढीच की, येणाराने ख्रिस्तास आपला गुरू मानून सेवेचा भार स्वतः उचलावा. मिशनशी त्यांनी भांडण केले नाही. मिशन वाईट आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सेवेस पगार लागला की सेवक पगार देणाराचा होतो आणि लोकांचा राहत नाही, हे त्यांस बोचत होते. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, संसार मागे असता, निश्चित उत्पन्न सोडणे म्हणजे काय हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांस निराळे सांगण्याची गरज नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. दरबारास दोन वर्षेही पुरती मिळाली नव्हती आणि त्यांच्या पश्चात तो फार काळ टिकला नाही. उलट केडगावचे मुक्तिसदन रमाबाईंच्या मृत्यूनंतर (१९२२) चालू राहिले, कारण त्यामागे संस्था उभी राहिली होती. व्यक्तीच्या दायित्वाचा पक्ष घेणाराने ह्या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करू नये. दुष्काळात एखादी मुलगी उचलून आणणे एका मनुष्यास साधते. तिला पंधरा वर्षे पोसून शिकविणे एकट्यास साधत नाही. मनुष्य मरतो, समिती मरत नाही. समितीचे हे सामर्थ्य आहे, आणि तिचा दोषही ह्याच ठिकाणी आहे. जी मरत नाही, तिला कशाचीच घाई वाटत नाही.

६

वरील उदाहरणांवरून आमचे मत असे बनले आहे की, व्यक्ती विरुद्ध मंडळी असा हा सामना मुळात नाहीच. बेथेल, केडगाव व सातारा ह्या तिन्ही ठिकाणी आरंभ एका मनुष्याने केला आणि पुढे जे टिकले ते समुदायाने टिकविले. अनर्थ होतो तो निराळ्या ठिकाणी. समुदायाच्या कार्यास हातभार लावला म्हणजे आपले देणे फिटले, असे मनुष्यास वाटू लागले की सेवेचे मूळ सुकते. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची कथा सर्वश्रुत आहे. त्याने वाटेत पडलेल्या जखमी मनुष्याच्या जखमा स्वतः बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविले व धर्मशाळेत नेऊन तेथील रखवालदारास पैसे दिले. म्हणजे धर्मशाळेची गरज त्यासही लागली. पण पैसे देऊन तो मोकळा झाला नाही. अधिक खर्च होईल तो परत येताना भरीन, असे तो सांगून गेला. काम संस्थेकडे सोपविले, परंतु खाते आपल्याच नावे चालू ठेवले. नारायण शेषाद्रींच्या बेथेलचे वर्णन ह्याहून निराळ्या शब्दांत करता येईल असे आम्हांस वाटत नाही.

आता संग्राहकांस दोन शब्द. ह्या सेवेचा अर्धा इतिहास एडिंबरो व हार्वर्ड येथे सुरक्षित आहे. उरलेला अर्धा येथील घरांत आहे आणि तो सुरक्षित नाही. जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत मोठ्या बायबलाच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न व मृत्यू ह्यांच्या नोंदी करण्याचा प्रघात आहे. भजनांच्या हस्तलिखित वह्या, शाळामास्तरांच्या रोजनिशा, नेमणुकीच्या चिठ्ठ्या, घरखर्चाच्या वह्या, मंडळीच्या वर्गणीच्या याद्या, दुष्काळातील धान्यवाटपाची टिपणे, ह्यांपैकी काही मोडीत, काही बाळबोधीत, असे कागद निघण्यासारखे आहेत. ह्यांस बाजारात किंमत नाही. म्हणून ते रद्दीत जातात. परभणी, परतूर, सेलू, जिंतूर, हिंगोली ह्या बाजूस हिंडणाऱ्या संग्राहकाने पोथीबरोबर अशा कागदांचीही चौकशी करावी. जुडगा मिळाल्यास तो फोडू नये. कोणत्या गावी, कोणत्या प्रकारच्या घरी, कोणत्या स्थितीत मिळाला हे तेथल्या तेथे टिपून ठेवावे. जे कुटुंब मूळ कागद देण्यास राजी नसेल, त्याच्या संमतीने नक्कल अथवा छायाचित्र घ्यावे व मूळ तेथेच राहू द्यावे.

असा कागद हाती आल्यावर त्यास तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. काम कोणाच्या नावे मांडले आहे? खर्च कोणाच्या पदरचा आहे? आणि काम फसले असते तर जाब कोणास द्यावा लागला असता? संस्थेच्या अहवालात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात. तिसऱ्याचे मिळत नाही. ते खासगी कागदांतच मिळते. एखाद्या मास्तराने आपल्या पगारातून पोरांच्या पाट्या घेतल्याची नोंद घरखर्चाच्या वहीत एका ओळीत असते. अहवालात त्या पाट्या शाळेच्या असतात. अहवाल खोटा नाही आणि वहीही खोटी नाही. पण वही नष्ट झाली, तर त्या पाट्या कोणी घेतल्या हे कोणास कधीच कळणार नाही.

राजवाडे-खऱ्यांच्या पिढीने आम्हांस शिकविले ते हेच की, इतिहास हा केवळ दरबारी कागदांतून उभा राहत नाही. पाटलाच्या, जोश्याच्या व कुळकर्ण्याच्या फडताळातील कागद त्यास लागतो. तो न्याय मराठी मुलखातील ह्या अल्प समाजासही लागू केला पाहिजे. बेथेलच्या कौलाशी एका मनुष्याचे नाव जोडलेले आहे आणि ते आपणांस ठाऊक आहे. ज्यांनी त्या गावच्या विहिरी खणल्या, ज्यांनी परतूरच्या वाटेवरील खेड्यांत पायी जाऊन मुलांस अक्षरे शिकविली, त्यांचीही नावे कोठे ना कोठे लिहिलेली असतील. ती हुडकून यथास्थित नोंदविणे हे संशोधक मंडळाचे सामुदायिक काम खरेच. परंतु पहिला कागद उचलावयाचा तो एकानेच.